डाव्या बाकावरचा माणूस

त्याला सगळे डावे म्हणत. तसा तो उजव्या हाताचाच. जेवायचा उजव्या हाताने, हातोडी धरायचा उजव्या हाताने, रागावला तर बोटही उजव्याच हाताचं उगारायचा. पण बुटांच्या कारखान्यात त्याचा बाक डाव्या पायाच्या बुटांचा होता, आणि बाकाचं नाव माणसाला चिकटलं ते चिकटलंच. नव्याने लागलेले कामगार त्याला डावेमामा म्हणायचे. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना, "आमचे डावे अजून आले नाहीत," असं बोलून जायची आणि मग स्वतःच जीभ चावायची.

कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबट छप्पर, मधून एक अरुंद वाट आणि वाटेच्या दोन्ही अंगांना बाक. उन्हं कलली की पत्र्याच्या भोकांतून उजेडाच्या काड्या खाली उतरायच्या आणि त्यांत चामड्याची धूळ संथ फिरत राहायची. चामडं चिकटवायच्या सोल्युशनचा वास अंगात इतका मुरायचा की आंघोळ करूनही जायचा नाही. लेक लहान होती तेव्हा त्या वासावरूनच बाप आल्याचं ओळखायची आणि झोपेत कूस बदलायची.

जन्मापासून तो एका पायाचा कारागीर नव्हता. गावाकडे मामाच्या हाताखाली तो अख्खा जोड करायला शिकला होता. मामा तोंडाने कडू आणि हाताने गोड. गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि दोन्ही हातांनी चाचपत बसायचा. "डोळ्यांना नुसता पाय दिसतो. कुठे दुखतो ते हाताला विचारावं लागतं," म्हणायचा. चामड्याची पाठ कुठली, पोट कुठलं, कुठून ते ताणेल आणि कुठून हटून बसेल, हे मामाने त्याला बोलून कधी सांगितलं नाही. चुकलं की चामडं कापायच्या रापीच्या दांड्याने बोटांवर मारलं, एवढंच. त्या बोटांत मग विद्या उतरली, जिरायती रानात पाणी उतरतं तशी, सावकाश आणि खोल.

शहरात आला तेव्हा कारखाना थोरल्या मालकांचा होता. तिथे प्रत्येक कारागीर चामडं घ्यायचा आणि पुरा जोड करून परत द्यायचा. बुटाच्या जिभलीच्या आतल्या बाजूला ज्याने त्याने आपली खूण करायची, असा थोरल्या मालकांचा रिवाज. त्याची खूण म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी एक तिरकी चीर. दुकानात येऊन जिभली उलटून बघणारी आणि "दाणा असलेला द्या" म्हणणारी माणसं होती. तो दुकानात कधी गेला नाही, पण हे त्याच्या कानावर यायचं, आणि त्या दिवशी तो घरी जाताना उगीचच लांबच्या रस्त्याने जायचा.

मग थोरले मालक थकले आणि धाकटे मालक कॉमर्स शिकून आले.

धाकटे मालक वाईट नव्हते. शिवी देत नसत, पगार कधी चुकवत नसत. आल्या आल्या त्यांनी पहिला महिना काहीच केलं नाही. हातात घड्याळ घेऊन नुसते बाकामागे उभे राहायचे. मग एकदा त्यालाच विचारलं,

"मामा, तुम्ही दिवसातून किती वेळा उठता?"

"म्हणजे? चामडं आणायला उठायचं नाही?"

"तेच म्हणतोय. चामडं आणायला उठता, रापीला धार लावायला उठता, दोरा शोधायला उठता. मग बूट करता कधी?"

"बसल्यावर," तो म्हणाला. सगळे हसले. धाकटे मालकही हसले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात कोणीच उठेनासं झालं. एकाने नुसतं कापायचं, एकाने नुसतं शिवायचं, एकाने तळवा ठोकायचा, एकाने पॉलिश. त्याच्या वाट्याला आलं फर्म्यावर चढवणं. फर्मा म्हणजे लाकडाचा घडीव पाय. त्याच्यावर शिवलेलं चामडं बसवायचं, पकडीने ओढायचं, खालून बारीक खिळे मारत जायचं. बुटाला बूटपण येतं ते तिथे. म्हणून ते त्याला दिलं, आणि तो त्यावर खूश होता.

"याला श्रमविभागणी म्हणतात," धाकट्या मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "तेवढीच माणसं, तेवढाच वेळ, आणि माल कितीतरी जास्त."

आणि खरंच तसं झालं. बुटांचे ढीग लागले. मजुरी वाढली. घरावरचे फुटके पत्रे बदलले, पंखा आला, लेक चांगल्या शाळेत गेली. म्हणूनच पुढे धाकट्या मालकांना मनातल्या मनात बोल लावताना तो नेहमी अर्ध्यावर अडखळायचा. वर पंखा फिरत असायचा.

घड्याळाचं समाधान मात्र झालं नव्हतं. डावा फर्मा खाली ठेवून उजवा उचलला की कारागिराचा हात क्षणभर थबकतो, असं धाकट्या मालकांच्या ध्यानात आलं. त्यांनी वाटेच्या एका अंगाला डावे बाक लावले, एका अंगाला उजवे. ढीगही दोन झाले. आणि शेवटच्या टेबलावर एक बाई बसवली, जोड लावणारी. तिचं काम एवढंच, की एका ढिगातून डावा उचलायचा आणि दुसऱ्या ढिगात हात घालून त्याचं भावंड शोधायचं. एकाचं नाक जरा वर, तर तसंच नाक वर असलेला दुसरा. ढीग मोठे, त्यामुळे कोणालाही कोणीतरी मिळायचंच.

त्याला डावा बाक मिळाला. समोर वाटेपलीकडे बसला त्याचा जुना सोबती. दोघं एकाच सायकलवर कामाला यायचे, चढावर एक उतरायचा, उतारावर दुसरा गाणं म्हणायचा. त्याचं नाव अर्थातच उजव्या पडलं. जिभलीवरच्या खुणा बंद झाल्या. एक बूट इतक्या हातांतून जायला लागल्यावर खूण करायची कोणी?

आता हात डोळे मिटूनही चालायचे. पकड, ओढ, खिळा. पकड, ओढ, खिळा. डाव्या पायाच्या आतल्या अंगाची ती खोलगट कमान त्याच्या अंगठ्याखाली कायमची उमटली. कित्येक वर्षं त्याने दुसऱ्या पायाला हातच लावला नाही.

मजुरी मात्र जोडावर होती. एकटा डावा बूट कोण विकत घेणार? त्यामुळे ज्या बाकाचा माल कमी, त्याच्या मालाएवढेच जोड समोरासमोरच्या दोन्ही बाकांच्या नावावर. एका वर्षी उजव्याचा अंगठा सुजला आणि सुजलेलाच राहिला. इकडे डाव्यांचा ढीग वाढत चालला.

"अरे, आज तरी हात उचल जरा."

"तुझे डावे काय एकटेच लंगडी घालत दुकानात जाणार आहेत?" उजव्या म्हणाला. "गप बस ना घडीभर. बिडी ओढ."

"बिडी ओढू? लेकीची फी भरायचीय. तुझ्या अंगठ्यावर अडलंय माझं घर."

उजव्याने हातातला फर्मा खाली ठेवला. "एवढी घाई असेल तर तूच कर की उजवा."

"करीन. वेळ आली तर करून दाखवीन."

त्या संध्याकाळी सायकलवर एकच माणूस बसला. दुसरा चालत गेला. पुढे उजव्याने काम सोडलं, त्याच्या बाकावर दुसरा माणूस आला, पण दोघांमधलं ते बोलणं तिथेच पडून राहिलं.

लेक कॉलेजात गेली आणि तिनेही कॉमर्सच घेतलं. घरात नवे नवे शब्द यायला लागले. भाजी महाग झाली की ती म्हणायची, "मागणी वाढलीय, आई." आई म्हणायची, "मागणी कसली, तो भाजीवालाच चोर आहे." बाप एके दिवशी कामावर न जाता घरी झोपून राहिला तर ती म्हणाली, "बाबा, आजच्या मजुरीवर तुम्ही पाणी सोडलंत, तो या झोपेचा वैकल्पिक खर्च."

"म्हणजे झोपेचेही पैसे पडतात म्हण की," तो म्हणाला आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. लेकीच्या तोंडचे हे शब्द त्याला फार आवडायचे. पदरात पडल्यासारखे वाटायचे.

एके दिवशी तिचे सर सगळा वर्ग घेऊन कारखाना बघायलाच आले. पुस्तकातली श्रमविभागणी डोळ्यांनी दाखवायला. धाकटे मालक पुढे, सर मागे, आणि मुलं वाटेतून चाललेली. लेक त्याच्या बाकाशी आली तेव्हा तिने मान खाली घातली नाही. मैत्रिणीला कोपराने ढोसून म्हणाली, "माझे बाबा." त्याच्या छातीत काहीतरी मोठं झालं.

तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "पण सर, यातला पूर्ण बूट कोणाला येतो?"

"कोणाला यायची गरजच नाही," धाकटे मालक हसून म्हणाले. "कारखान्याला येतो."

"मला येतो," तो म्हणाला. खिळा ओठांत होता, तो काढून पुन्हा म्हणाला, "पूर्ण जोड येतो मला. दोन्ही पाय."

वर्गाने त्याच्याकडे पाहिलं. लेकीनेही. सरांनी आपला पाय जरा पुढे केला. त्यांचा एक पाय दुसऱ्याहून रुंद होता, दुकानातला बूट कायम चावायचा. "मग काका, माझ्यासाठी एक जोड कराल?"

"करीन की. सवड मिळाली की लगेच."

सवड मिळाली, पण अशी की त्याने मागितली नसती. वर्षभराने धाकट्या मालकांनी त्याला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच त्याला कळलं.

"मामा, चढवलेला माल आता बाहेरून तयार मिळतो. आपल्यापेक्षा स्वस्त. दोन्ही बाजूंचे बाक बंद करावे लागतायत." ते खरोखर ओशाळले होते. "तुम्हाला काय हवं ते न्या. पकड, हातोडी, काहीही."

त्याने आपली पकड घेतली आणि मागच्या अंगणात जळणासाठी टाकलेल्या जुन्या फर्म्यांतून दोन उचलले, एक डावा आणि एक उजवा. घरी येऊन बायकोला म्हणाला, "रडतेस कशाला? मी काय हमाल आहे? कारागीर आहे. पुढच्या खोलीत दुकान टाकतो."

लेकीने तर लगेच हिशेबाची भाषा सुरू केली. "जागा आहे, अवजारं आहेत, कौशल्य आहे. भांडवल म्हणजे आणखी काय असतं, बाबा? आणि पहिलं गिऱ्हाईक ठरलेलंच आहे. सरांच्या पायात तुमचे बूट दिसले की सगळा स्टाफ विचारेल, कुठून घेतले."

असा सगळा डाव त्या एका जोडावर आला. होतं नव्हतं ते चामड्यात घातलं. सर घरी आले, त्याने त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. मामा आठवला. हाताला सगळं कळत होतं; करंगळीखालची गाठ, टाचेची बाहेर झुकलेली कड. फर्म्यावर त्याने चामड्याचे तुकडे चिकटवून सरांचा पाय उभा केला. कापणं, शिवणं कच्चं झालं होतं. पण उसवून, पुन्हा शिवून ते साधलं. लेक उंबऱ्यावर बसून बघत होती.

डावा बूट एका दमात चढला. पोरगी उठून टाळ्याच वाजवायची राहिली होती.

मग त्याने उजवा फर्मा गुडघ्यांत धरला.

पकड, ओढ, खिळा. हात चालले, पण जुन्याच वाटेने. आतल्या अंगाला ओढायचं तिथे त्यांनी बाहेर ओढलं. त्याने थांबून हात पुसले, पुन्हा सुरुवात केली. आता तो मनाशी बोलून बोलून ओढत होता, आधी इकडून, मग तिकडून, परक्या गावात रस्ता विचारत जावं तसा. मधली शिवण सापासारखी वाकडी आली. खिळे काढले, चामडं भिजवलं, पुन्हा चढवलं. ताणून ताणून चामडं निर्जीव झालं. दुसरं कापलं. तेही तसंच झालं.

"उजवा झाला का हो?" आतून बायकोने विचारलं.

"वाळतोय."

दुसऱ्या दिवशीही तो वाळतच होता. लेक आता उंबऱ्यावर बसेनाशी झाली. ती आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटल्याचा आवाज येत नसे.

शेवटच्या चामड्याला हात लावायच्या आधी तो उठला आणि उजव्याला शोधायला गेला.

उजव्या एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर राखणदार होता. निळा शर्ट, खिशाला शिट्टी. याला बघून तो खुर्चीवरून उठला नाही.

"काय? डावे संपले का जगातले?"

"उजवा जमत नाही रे मला," तो म्हणाला. इतक्या वर्षांत काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काहीच बोलला नाही.

उजव्याने रस्त्याकडे पाहिलं. मग खाकरला. "मुलाच्या लग्नात मीही बसलो होतो करायला. हौसेने. डावा असा झाला की मुलाने एका फेरीत काढून टाकला. दुकानातून आणले मग." त्याने सुजका अंगठा चोळला. "कोणाला सांगू नकोस."

सुट्टीच्या दिवशी उजव्या आला. बायकोने चहा ठेवला. उजव्याने उजवा फर्मा गुडघ्यांत घेतला आणि त्याचे हात कुठेही न अडता चालले. खोलीत पुन्हा तो जुना ताल घुमला. "गाणं म्हण की," हा म्हणाला. "उतार कुठाय?" उजव्या म्हणाला, आणि दोघं हसले.

बूट झाला. निर्दोष. दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले.

डावा बूट सुंदर होता. उजवा सुंदर होता. पण ते एकमेकांचे कोणीच नव्हते. याचं नाक जरा उचललेलं, त्याचं जरा दबलेलं. याची शिवण वर चढलेली, त्याची खाली बसलेली.

"तू नाक नेहमी जास्त ओढतोस," उजव्या म्हणाला.

"तू कमी ओढतोस."

"मग कारखान्यात कसे जुळायचे?"

दोघांनाही एकदमच आठवली ती शेवटच्या टेबलावरची बाई. तिच्यापुढे ढीग होते. यांच्यापुढे एक आणि एकच. आणि चामडं संपलं होतं. त्याने रापी उचलली, जिभलीवर दाणा कोरायला. थोडा वेळ हातात धरली आणि ठेवून दिली.

सर आले, बूट घातले, खोलीत फिरले. "चावत नाहीत," म्हणाले. मग खाली पायांकडे बघून त्यांचा चेहरा क्षणभर हलला, पण सज्जन माणूस, "छानच आहेत," म्हणाले. ठरलेले पैसे दिले आणि बूट पिशवीत घालून, आपली जुनी चप्पल पायात सरकवून निघून गेले.

नंतरचे दिवस तो दारात बसून राहिला. उजव्याने निरोप पाठवला होता, "दुसऱ्या फाटकावर माणूस पाहिजे आहे. कोणत्या बाजूचं फाटक ते विचारू नकोस." याने अजून उत्तर दिलं नव्हतं. सर बूट घालून स्टाफरूममध्ये दोन फेऱ्या मारतील, चार माणसं विचारतील, या आशेला त्याने घट्ट धरलं होतं.

एका संध्याकाळी लेक आली आणि चप्पल काढून सरळ आत जायला लागली.

"सर घालतात का गं?"

ती थांबली. "वर्गात ठेवलेत बाबा. टेबलावर."

"का? चावतात?"

"नाही. ज्युनिअर वर्गाला दाखवायला. श्रमविभागणी शिकवताना." तिचा आवाज बारीक झाला. "एका कारागिराने केलेला डावा, दुसऱ्या कारागिराने केलेला उजवा, असं सांगतात. तुमचं नाव घेत नाहीत. तेही मी विचारून घेतलं."

आतला पंखा फिरत होता. त्याने वळून पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो धडा वाचून दाखव मला."

ती जुनं पुस्तक घेऊन आली. श्रमविभागणीचे फायदे वाचले. उत्पादन वाढते. वेळ वाचतो. तो मान डोलावत होता, कारण ते सगळं खरं होतं. मग तिने पान उलटलं आणि ती थांबली.

"वाच की."

"तोटे," ती म्हणाली. "कामात तोचतोपणा येतो. कामगार एकाच कामापुरता उरतो. काम गेल्यास त्याला दुसरे काम..." पुढचं तिला वाचवेना.

"हे तुला कधी शिकवलं?"

"कारखाना बघायला आलो ना, त्याच्या आदल्या आठवड्यात."

"धाकट्या मालकांच्या पुस्तकातही असेल?"

"असेलच, बाबा. सगळ्यांच्याच असतं."

"परीक्षेत येतं का?"

"येतं. दोन मार्कांना."

तो उठला. दोन्ही फर्मे त्याने चुलीच्या बाजूला, सरपणाजवळ नेऊन ठेवले. कोपऱ्यातली पकड उचलून बायकोच्या हातात दिली, "भांडी उतरवायला घे," म्हणाला. मग खुंटीवरचा शर्ट झटकून बघितला, उद्या फाटकावर घालून जाण्याजोगा आहे का ते.

लेक पुस्तक मिटून मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याजवळून जाताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नीट पाठ कर," तो म्हणाला. "दोन मार्क जायला नकोत."